खालच्या कप्प्यातली मुंगी

त्या दिवशी हवा जागची हलत नव्हती. आभाळ खाली उतरलेलं, पण पडायचं नाव नाही. अंगाला कपडा चिकटावा, श्वास घेतला तर तो ओल्या फडक्यातून यावा, असला दमटपणा. दोघा हमालांनी मला हातगाडीवर दोरीनं आवळून आणलं आणि गल्लीच्या वळणावर टेकवून ते सारखे कपाळ पुसत राहिले.

मी एक जुना फ्रिज बोलतोय. एका दाराचा, पांढरा. आता पिवळट म्हणा. दारावर कंपनीची अक्षरं आहेत, ती काय म्हणतात मला ठाऊक नाही. मला अक्षरओळख नाही. गार राहावं आणि गप्प राहावं, एवढंच येतं. गप्प राहणं मात्र आज सोडतोय, कारण आता गार राहायचं काम उरलेलं नाही.

माझं पहिलं घर म्हणजे औषधाचं दुकान. तिथं लसी सांभाळल्या, इंजेक्शनं सांभाळली. तिथली माणसं दार उघडायची, हवं ते काढायची, दार लावायची. माणसाच्या घरात आल्यावर कळलं, की काही नको असतानाही माणूस दार उघडतो, आत बघत उभा राहतो आणि सुस्कारा सोडून बंद करतो. काय शोधतो कुणास ठाऊक.

त्या दुकानाची मागची भिंत मिस्त्रींनी बांधली. मिस्त्री म्हणजे म्हातारे गवंडी. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. दुकानदाराला काचेचा नवा फ्रिज घ्यायचा होता. तो म्हणाला, "हा घेऊन जा मिस्त्री, अजून धडधाकट आहे."

मिस्त्रींच्या घरी माणसं तीन. ते स्वतः, बस चालवणारा मुलगा आणि शिवणकारखान्यात जाणारी सून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शेजारी इस्त्रीवाल्या काकू; दारातच टेबल मांडून दिवसभर उभ्या, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मला उतरवताना त्या बघत होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, आजवर म्हणत होता, शिळं ठेवायला कपाट कशाला. आता काय झालं?"

"सुनेसाठी घेतलं हो," मिस्त्री म्हणाले. "ती दमून येते."

मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं केलं, बटण दाबलं, आणि मी आतून गार होत गेलो. संध्याकाळी सून म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा तुम्हीच उघडा."

मिस्त्रींनी दार उघडलं. बाहेरचा दमटपणा माझ्या गारव्याला भिडला आणि माझ्या पोटातून पांढरा धूर निघाला. दाट, जमिनीकडे ओघळणारा. मिस्त्री एक पाऊल मागं सरकले. मग वाकले, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "आलीस?"

मला वाटलं, मलाच म्हणताहेत. पण दार लागलं, दिवा विझला, आणि माझ्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या डब्याशेजारी, वजन पडलं. फार नाही. लहान मूल गुडघे पोटाशी घेऊन बसलं तर पडेल, तेवढं.

दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, याचं माणसाला मोठं कुतूहल असतं. विझतो. त्या अंधारात काय असतं ते मला माहीत आहे. ती बोलत नसे. फक्त कुडकुडायची. माझी घरघर ऐकून सून म्हणायची, "मशीन जुनं आहे ना, म्हणून." त्या घरघरीत दुसराही आवाज होता. दातांवर दात वाजल्याचा.

दुपारी घर रिकामं झालं की मिस्त्री स्टूल ओढून माझ्यापुढं बसत, दार उघडत आणि खालच्या कप्प्याशी बोलत. तिची सारी हकीकत मला त्यातूनच कळली.

मिस्त्री लहानाचे मोठे झाले एका दगडखाणीवर. आईबाप दगड फोडायचे. पत्र्याच्या खोपटांची वस्ती, आणि सगळ्या वस्तीचं जेवण एकच: भरड धान्याची पातळ पेज, वर मीठ. सुरुंगांच्या आवाजानं तिथं कोंबडी टिकत नसे, धुळीत पाला उगवत नसे. पाव, अंडं, लोणी, चीज, सफरचंद, आज ज्या वस्तू आपण यादीशिवाय पिशवीत टाकतो, त्यांची नावंसुद्धा वस्तीत कुणाला ठाऊक नव्हती. धाकटी बहीण पायानं अधू, अंगानं एवढीशी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिनं खोपटाबाहेरचं जगच पाहिलं नव्हतं. आणि पेज तिच्या घशाखाली उतरत नसे.

मिस्त्री त्या वयात ठेकेदाराच्या बंगल्यावर पाणी भरायचे. खिडकीतून त्यांना जेवणाचं टेबल दिसायचं. घरी आले की मुंगी विचारायची, "आज काय खात होती रे ती माणसं?" आणि हे चव सांगायचे. स्वतः कशाला कधी बोटही लावलेलं नाही! पण पोर तोंडाचा आ करून बसलेली, म्हणून नुसतं बघून सांगायचे. ती ते ऐकत ऐकत पेज गिळायची.

सफरचंद लाल, म्हणून त्यांनी सांगितलं की ते मिरचीसारखं जहाल असतं, मोठी माणसंच खाऊ शकतात. चीज बघून म्हणाले, "ती माणसं साबण खातात गं, म्हणून तर इतकी गोरीगोमटी." पाव म्हणजे त्यांच्या लेखी बोळा, पाण्यात बुडवून पिळून प्यायचा. आणि केळं सालासकट कडाकडा चावायचं.

पुढं मिस्त्री गवंडीकामाला लागले, गावोगाव फिरले, आणि एकेक पदार्थ खरोखर तोंडात आला तसं एकेक सांगणं चुकीचं निघालं. पहिलं सफरचंद त्यांना बांधकामाच्या परांचीवर बसून एका बिगाऱ्यानं दिलं. मिस्त्रींनी आधी पाण्याचा तांब्या जवळ घेतला, डोळे गच्च मिटले आणि चावा घेतला. मग रडायला लागले. बाकीचे हसून हसून लोळले. "अरे मिस्त्री, सफरचंद आहे, कांदा नाही!" पण हे रडत होते ते दुसऱ्याच कारणानं. तोवर मुंगीला जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते.

म्हणून आता ते प्रत्येक वस्तूचा अर्धा भाग खालच्या कप्प्यात ठेवायचे आणि समजावायचे.

"हे बघ मुंगे, तिखट नसतं गं. उगाच भ्यायला लावलं मी तुला. आणि हे साबण नाही. खारट आहे, थोडं चिकट. खाऊन बघ."

दुसऱ्या दिवशी ती फोड तशीच असायची. दाताची खूण नाही, रंग बदललेला नाही. पण मिस्त्री ती तोंडात टाकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. फोडीची चव गेलेली असायची. दगडाच्या भुकटीसारखी लागायची. ते म्हणायचे, "पोचलं."

एकदा सून कारखान्यातून लवकर आली.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

मिस्त्री खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "मुंगीशी."

"अगं बाई, फ्रिजमध्येसुद्धा मुंग्या झाल्या?" असं म्हणत तिनं फडकं आणलं आणि माझा खालचा कप्पा पुसून काढला. फडकं तिथं एकदम गार पडलं. तिनं हात झटकला.

मग ती आनंदाची बातमी आली. सुनेला दिवस गेले. मुलगा बस डेपोत लावून थेट आईस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आला. तो माझ्या वरच्या कप्प्यात ठेवणार, इतक्यात मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"आत ठेवू नकोस. आत्ताच संपवा."

"एवढं सगळं? बाबा, घसे बसतील."

"बसू देत. उरलं तर काकूंना द्या. पण आत नाही."

मुलानं सुनेकडं बघितलं, सुनेनं छताकडं. डबा काकूंकडं गेला.

दुसऱ्या दुपारी मिस्त्रींनी दार उघडलं, स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाले, "रागावू नकोस. ते एक सोडून काहीही माग."

खाणीवर एकदा ठेकेदाराकडं पाहुणे आले होते. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि तिच्यातून पांढरा धूर निघाला. वाट्यांत पांढरे गोळे. एका बाईनं चमचा तोंडात घातला आणि "हा, हा" करत हातानं तोंडावर वारा घेतला. खिडकीबाहेर उभ्या पोरानं काय समजायचं? धूर निघतो, तोंड पोळतं, म्हणजे कढत. त्या दिवसांत मुंगीला हुडहुडी भरून ताप येत होता. दोन पोती पांघरली तरी थरथरायची. यांनी तिला सांगितलं, "पांढरं, गोड, आणि इतकं गरम की वाफा निघतात. फुंकून फुंकून खायचं."

मुंगी म्हणाली, "ते खाल्लं की माझी थंडी जाईल. आणशील? तू आणेपर्यंत मी कुठं जाणार नाही."

ती गेलीच नाही, असं मिस्त्री म्हणायचे. देह गेला, पण ती शब्दाची पक्की. त्या दिवशी माझ्या पोटातून धूर निघालेला बघून ती आली, पदार्थ आला असं वाटून. आणि तो तर बर्फासारखा गार असतो. कुडकुडणाऱ्या पोरीच्या हातात तोच द्यायचा कसा? दिला, तर भावानं फसवलं हे कळणार. आणि दिला, तर ती जाणार. मिस्त्रींना दोन्हीची भीती होती. खरं सांगायचं तर दुसरीचीच जास्त. बायको गेल्यापासून दुपारचं एकट्यानं जेवणारा माणूस, म्हातारपणी त्याला जेवायला सोबत मिळाली होती.

पण मुंगीची थंडी वाढत चालली.

आधी तिच्या कप्प्यातल्या वस्तूंची चव जायची. मग वरच्या कप्प्यातल्या जाऊ लागल्या. दूध, भाजी, लोणी, काही सुटेना. सुनेला वाटलं, दिवस गेलेत म्हणून तोंडाला चव नाही. ती दोन घास खाऊन ताट सारायची. काकूंनी तिला स्वतःच्या घरून रस्सा आणून भरवला तर तो तिनं मिटक्या मारत खाल्ला. उरलेला माझ्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच घासाला थू थू केलं. काकूंनी चाखून बघितलं आणि माझ्याकडं डोळे वटारले.

"तुझ्या तोंडाला काही झालेलं नाही गं. तुमचा हा फ्रिज चव खातो."

घरच्यांनी माझ्यात काही ठेवायचं बंद केलं. तेव्हा मुंगी माझ्यातून बाहेर पडू लागली.

भर दुपारी, सगळ्या गल्लीत ऊन रणरणत असताना, माझ्या दाराचं रबर आतून हळूच ढकललं जायचं. फरशीवर ओली पावलं उमटायची. एक नीट, एक फरफटलेलं. एक नीट, एक फरफटलेलं. ती सुनेच्या खाटेपर्यंत जायची. सून आताशा कामावरून रजा घेऊन पडून असे. पावलं खाटेशी थांबायची, आणि सून झोपेत पोटावर हात ठेवून कण्हायची, "गार लागतंय… कोण आहे?"

मी मुंगीला दोष देत नाही. त्या घरात सगळ्यात ऊबदार जागा सुनेच्या कुशीतच होती. आत एक जीव, त्याच्याभोवती आईचं रक्त. कुडकुडणारं पोर आणखी कुठं जाईल? पण तिला कळत नव्हतं, की ती जी ऊब घेते आहे ती दुसऱ्याची आहे. चुलीवरच्या भांड्यातलीसुद्धा चव जाऊ लागली. बाहेर अंग भाजत असताना सून दोन रजया घेऊन थरथरायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की बाळ वाढत नाहीये. असंच चाललं तर हाती लागायचं नाही.

मुलगा घरी आला तो रागानं माझ्यापुढं उभा राहिला. "उद्या भंगारवाल्याला बोलावतो. काकू म्हणतात ते खरं असो नसो, पण हे धूड घरातून जाऊ दे."

"तिला भंगारात टाकणार?" मिस्त्री म्हणाले.

"कुणाला, बाबा?"

मिस्त्री खाली वाकले. त्यांचं लक्ष फरशीवर होतं. माझ्यापासून खाटेपर्यंतची पावलं अजून वाळली नव्हती. ती त्यांनी तोवर बघितली नव्हती. आता बघितली, आणि ती कुठं जाऊन थांबतात तेही बघितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर मिस्त्रींनी सदरा घातला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आईस्क्रीम घेऊन आले. उन्हात ते वाटेतच विरघळायला लागलं होतं. मला वाटलं, आता ते माझ्या वरच्या कप्प्यात येणार. पण त्यांनी ते पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला.

काकूंना खिडकीतून वास गेला असणार. "मिस्त्री! आईस्क्रीम कुणी तापवतं का हो? उन्हानं डोकं फिरलं की काय?"

"फिरू दे," मिस्त्री म्हणाले आणि चमच्यानं ढवळत राहिले. गवंडी माल कालवतो तसं, कडेनं, गुठळी राहू न देता. पांढरं, गोड, कढत. वाफा छतापर्यंत जाऊ लागल्या तेव्हा त्यांनी ते वाटीत ओतलं, फडक्यात वाटी धरली आणि माझं दार उघडलं.

फ्रिजमध्ये कढत भांडं ठेवायचं नसतं. हे लहान पोरालासुद्धा माहीत असतं, मिस्त्रींनाही माहीत होतं. त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला. माफी मागितल्यासारखा. मग वाटी चमच्यासकट खालच्या कप्प्यात ठेवली.

"मुंगे, उशीर झाला गं. घे. मी सांगितलं होतं अगदी तसंच आहे. फुंकून खा."

दार लागलं. दिवा विझला.

वाफ माझ्या पोटात भरली. भिंतींवरून पाणी ओघळू लागलं, बर्फाच्या कप्प्यातला बर्फ सुटला. माझं मशीन जिवाच्या आकांतानं धडधडायला लागलं. आणि त्या अंधारात मी ऐकलं. फू… फू… मग चमच्याचा आवाज. मग पुन्हा फू. दात वाजायचे थांबले होते. मी इतकी वर्षं गार राहण्यात धन्यता मानली, पण खरं सांगतो, तेवढ्या वेळापुरतं मला कळलं की ऊब देणं म्हणजे काय असतं. मग माझ्या आत काहीतरी तडकलं आणि मशीन थांबलं. घर एकदम शांत झालं.

मिस्त्री माझ्या दाराला कान लावून उभे होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

दाराचं रबर आतून ढकललं गेलं. मिस्त्री बाजूला सरकले, दारातून कुणाला वाट द्यावी तसे. बराच वेळ ते रस्त्याच्या दाराकडं बघत राहिले. हात थोडा वर उचलला, पण हाक मारली नाही. मग त्यांनी माझ्यातून वाटी काढली. ती चाटूनपुसून लख्ख होती.

आतल्या खोलीतून सून ओरडली, "बाबा, किती उकडतंय! पंखा लावा ना! आणि या रजया कुणी घातल्या माझ्या अंगावर?"

तिला भूक लागली होती. मिस्त्रींनी सकाळची आमटी तापवून भाताबरोबर तिच्यापुढं ठेवली. तिनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, मीठ किती घातलंय हो! खारट झालंय नुसतं."

"खारट झालंय?" मिस्त्रींनी विचारलं. "खरंच खारट लागतंय?"

"म्हणजे काय, तुम्हीच बघा चाखून."

ते हसायला लागले. ती खारट आमटी तिनं सगळी संपवली, वर आणखी मागून घेतली. पुढं बाळ नीट वाढलं, वेळेवर झालं. मुलगा झाला. बापासारखा गोल तोंडाचा, आणि भुकेला अजिबात दम नाही.

माझ्या दुरुस्तीला कारागीर आला होता. त्यानं पाठ उघडून बघितली आणि विचारलं, "कढत काही ठेवलं होतं का कुणी?" सुनेनं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री नखं बघत बसले. कारागीर म्हणाला, यात आता काही राम नाही.

तेव्हापासून मी मागच्या अंगणात आहे. माझ्या कप्प्यांत मिस्त्रींच्या थाप्या, ओळंबा, सुतळीचे गुंडे. पावसाचं पाणी खालून लागतं, गंज चढतोय. खालचा कप्पा मात्र ते रिकामा ठेवतात. तिथं आता कुणी नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. तरी जाता येता ते दार उघडतात, आत बघत उभे राहतात आणि बंद करतात. ते काय शोधतात, हे तेवढं मला कळतं.

तुमच्या घरातही माझा कुणी भाऊबंद उभा असेल. त्याच्या घरघरीकडं एकदा नीट कान द्या, एवढंच मागणं आहे. मशीनचाच आवाज असेल तर चांगलंच.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मशीन थांबल्यावर, सून जेवून झोपल्यावर, मिस्त्री उंबऱ्यावर येऊन बसले होते. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि टेबलामागूनच त्यांना विचारलं:

"काय हो मिस्त्री, तुमच्याकडं पाहुणे आले होते का? मघाशी एवढीशी पोर तुमच्या दारातून निघाली आणि लंगडत लंगडत गल्लीच्या टोकाला गेली. मी हाक मारली, पण थांबली नाही. घामानं नुसती डबडबली होती बिचारी, आणि हसत होती."